तीन व्यंजनांचा हिशेब

आधी एक कोडं घालतो. तहसील, महसूल आणि "पण त्यात काय हशील?" मधलं हशील. या तीन शब्दांचं एकमेकांशी नातं काय?

पहिल्या दोघांचं नातं सातबारासाठी हेलपाटे घातलेल्या कुणालाही सांगता येईल. तिसरं जरा परक्या घरातलं वाटतं. पण तिघंही सख्खी भावंडं आहेत. अरबीत ह-स-ल असा एक धातू आहे. अर्थ साधारण 'हाती येणं, जमा होणं'. हासिल म्हणजे हाती आलेलं. महसूल म्हणजे जमा झालेलं. तहसील म्हणजे जमा करण्याचं काम. हे शब्द अरबीतून फारसीत गेले, फारसीतून दख्खनच्या दरबारांत आले आणि मराठीत येऊन आपापल्या संसाराला लागले. तहसीलचं ऑफिस झालं, मग त्या ऑफिसचा अख्खा मुलूख झाला. महसूल एका खात्याच्या नावात जाऊन बसला. हशील बिचारं फक्त प्रश्नात उरलं. "आज खूप हशील झालं" असं काही कुणी घरी येऊन सांगत नाही.

एकदा हे दिसायला लागलं की थांबत नाही. नजर, नाझर आणि मंजूर. धातू न-ज़-र, म्हणजे बघणं. कोर्टातला नाझर मुळात देखरेख करणारा, आणि मंजूर म्हणजे 'बघितलं गेलेलं'. साहेबांनी कागद नुसता बघितला म्हणजे काम झालं, हे आपल्या पूर्वजांनी शब्दातच घालून ठेवलंय! मजबूत आणि जप्ती घ्या. धातू 'घट्ट धरणं' या अर्थाचा. घट्ट धरलेलं ते मजबूत, आणि धरून नेलं की जप्ती. तपशील आणि फैसला हे दोघं 'वेगळं करणं' मधून आले. गफलत-गाफील, जुलूम-जालीम, हुकूम-हाकीम, हजर-हजेरी-हुजूर... यादी लांबत जाईल, इथेच थांबतो.

यंत्र कसं चालतं ते आता लक्षात आलं असेल. अरबी, हिब्रू वगैरे सेमिटिक भाषांमध्ये धातू म्हणजे फक्त व्यंजनं, बहुतेक वेळा तीन. तो एकटा उच्चारताही येत नाही. त्याच्यावर स्वरांचा साचा बसवला, कधी पुढे 'म' किंवा 'त' लावला, की शब्द होतो. पहिल्या व्यंजनानंतर 'आ' आणि दुसऱ्यानंतर 'इ' घातला की करणारा मिळतो: जालीम, हाकीम, गाफील. 'म' लावून शेवटी 'ऊ' घातला की ज्याच्यावर क्रिया झाली ते मिळतं: महसूल, मंजूर, मजकूर. 'त' लावून शेवटी 'ई' घातली की क्रियेचं नाव मिळतं: तहसील, तपशील, तालीम. अरब व्याकरणकारांनी या साच्यांना नावं देताना फार सोयीची युक्ती केली. 'करणं' या अर्थाचा एक धातू नमुन्यादाखल घेतला आणि सगळे साचे त्याच्यावरच लिहून दाखवले. आपण उदाहरणाच्या कोडमध्ये फू आणि बार लिहितो ना, अगदी तसंच.

इथे कुठल्याही प्रोग्रॅमरचे डोळे चमकतात. कारण हे सरळ सरळ फंक्शन आहे! धातू आत टाका, साचा टाका, शब्द बाहेर. म्हणूनच स्वतःची भाषा रचणारी मंडळी (आणि अशी मंडळी जगभर भरपूर आहेत, कुणी कादंबरीसाठी रचतं, कुणी सिनेमासाठी, कुणी नुसतं हौस म्हणून) कधी ना कधी या रस्त्याला लागतातच. शब्द एकेक करून सुचवत बसण्यापेक्षा वीस धातू आणि बारा साचे ठरवायचे, एकात एक दोन लूप लिहायचे, आणि चहा उकळेपर्यंत दोनशे चाळीस शब्दांचा कोश तयार.

करून बघू. समजा द-ग-श हा धातू, अर्थ 'पाणी वाहणं'. मग साच्यात घालून दगश म्हणजे वाहणं. दागिश म्हणजे वाहणारा. मद्गूश म्हणजे वाहून आलेलं. मद्गश म्हणजे वाहण्याची जागा. तद्गीश म्हणजे वाहवणं. आता दुसरा धातू घ्या, ब-र-ख, 'भाजणं'. बरख, बारिख, मब्रूख, मब्रख, तब्रीख. सगळं नीट बसलं. कंपायलरची एकही तक्रार नाही.

पण वाचून बघा. ही भाषा वाटते का? मला ती पगारपत्रकासारखी वाटते. प्रत्येक ओळीत तीच खाती, प्रत्येक खात्यात आकडा भरलेला. मग खऱ्या अरबीत आणि या दोन लूपच्या अरबीत फरक काय, साचे तर तेच आहेत, या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे सापडलं ते सांगायला हा लेख.

पहिलं उत्तर बाराशे वर्षं जुनं आहे. आठव्या शतकात बसऱ्याला अल-खलील इब्न अहमद नावाचा एक विद्वान होता. अरबीचा पहिला शब्दकोश रचण्याचं काम त्याने हाती घेतलं. आता शब्दकोश म्हटल्यावर तुम्ही-आम्ही ऐकलेले शब्द गोळा करायला लागू. या गृहस्थाने उलटी बाजू धरली. तीन व्यंजनं घ्यायची आणि त्यांचे होतील तेवढे सगळे क्रम लावायचे. तीन अक्षरांचे सहा क्रम. क-त-ब म्हणजे लिहिणं. क-ब-त म्हणजे दडपणं. ब-त-क म्हणजे कापणं. असं करत प्रत्येक क्रमाला विचारायचं, बाबा रे, तू भाषेत आहेस की नाहीस? जो आहे तो मुस्तअमल, वापरातला. जो नाही तो मुहमल, सोडून दिलेला. (मुस्तअमलचा धातू तोच, ज्यातून आपल्याकडे अंमल, मामला आणि मामलेदार आले.) आणखी एक गंमत म्हणजे त्याने अक्षरांचा क्रमसुद्धा घशापासून ओठांपर्यंत लावला. आपल्या वर्णमालेत क-वर्ग आधी आणि प-वर्ग शेवटी, त्याच चालीने.

अरबीत अठ्ठावीस व्यंजनं. एकही अक्षर पुन्हा न घेता तीन-तीनचे क्रम लावले तर २८ × २७ × २६, म्हणजे १९,६५६ धातू होऊ शकतात. यातली बरीच घरं रिकामी आहेत, आणि ती कशीही रिकामी नाहीत. जोसेफ ग्रीनबर्ग या भाषाशास्त्रज्ञाने १९५० साली अरबी धातू तपासून दाखवलं की तोंडात एकाच जागी उच्चारली जाणारी व्यंजनं एका धातूत शेजारी शेजारी यायचं टाळतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच वर्गातली दोन व्यंजनं सहसा लागून बसत नाहीत. ब-म-क्ष असा धातू शोधून सापडायचा नाही. तेच व्यंजन दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी आलेलं मात्र चालतं. म-द-द चालतो, म-म-द नाही. हा नियम कुणी बसून केलेला नाही. बोलणाऱ्यांच्या तोंडांनी हजारो वर्षांत आपोआप पाळला.

म्हणजे मुहमल घरं हा भाषेतला दोष नव्हेच. कुठली घरं रिकामी आहेत, यावरून तिथे राहणाऱ्यांची ओळख पटते. आपल्या दोन लूपनी सगळी घरं भरली, तिथेच ओळख पुसली गेली.

आता रचलेल्या भाषांकडे येतो. या प्रकारातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे टोल्किनची खुज़्दुल, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या बुटक्यांची, म्हणजे ड्वार्फ लोकांची भाषा. गंमत अशी की एवढ्या प्रसिद्ध भाषेचे आपल्या हाती असलेले शब्द मोजकेच, कागदाच्या दोन-तीन पानांत मावतील एवढे. त्याचं कारण कथेतच आहे. हे लोक आपली भाषा परक्यांना शिकवतच नाहीत, आपली खरी नावंसुद्धा सांगत नाहीत.

पण तेवढ्यातसुद्धा धातू दिसतो. एक बुटका तो खुज़्द, अनेक ते खज़ाद. भाषा ती खुज़्दुल. धातू ख-ज़-द. त्यांच्या भाषेत ऑर्क म्हणजे रुख्स आणि अनेक ऑर्क म्हणजे रखास. बघा, खुज़्दचं खज़ाद तसं रुख्सचं रखास. साचा जुळला. स्वर बदलून आतूनच अनेकवचन करायची ही खोड अरबीचीसुद्धा आहे. खबरचं अनेकवचन अखबार, अमीरचं उमरा. तोच आपला उमराव. तो मुळात अनेकवचनी आहे हे आपण कधीच विसरलो आणि "एक उमराव" म्हणायला लागलो.

बरं, मग कुऱ्हाडींना काय म्हणतात? बारुक. म्हणजे इथे साचा वेगळाच! एका कुऱ्हाडीला काय म्हणतात ते टोल्किनने कुठे लिहून ठेवलेलं नाही. लोक अजून तर्क लढवतात. मोजून मूठभर शब्द, आणि त्यातसुद्धा अनेकवचनाचे दोन साचे आणि एक हरवलेलं एकवचन. हा माणूस पेशाने भाषेचा प्राध्यापक होता. जुन्या भाषांची फाटकी पानं वाचण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. फाटकं पान खरं वाटतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. बुटक्यांच्या भाषेत फेलक म्हणजे खडक फोडायचं हत्यार, आणि फेलकगुंदू म्हणजे गुहा खोदणारा. हे नाव त्यांनी एका एल्फ राजाला दिलं. एल्फांच्या तोंडी ते झिजलं आणि फेलागुंद झालं. पुढे त्या राजाची ओळख याच झिजलेल्या नावाने राहिली. तहसील आणि हशील यांच्या बाबतीत जे झालं तेच इथे कथेतल्या कथेत झालंय. शब्द एका घरात जन्मला, दुसऱ्या घरात नांदला, आणि नांदताना बदलला.

टोल्किनने सेमिटिक साचाच का उचलला? १९५५ च्या एका पत्रात त्याने लिहिलंय की बुटक्यांची कल्पना करताना आपल्या मनात ज्यू लोक असतात. जिथे राहतात तिथलेही आणि परकेही, बोलतात तिथलीच भाषा, पण आपल्या खाजगी भाषेची लकब घेऊन. या तुलनेत आजच्या वाचकाला खटकेल असंही बरंच आहे, विशेषतः बुटक्यांचं सोन्याचं वेड आठवलं की. पण भाषा रचणाऱ्याच्या दृष्टीने मुद्दा असा की त्याने आधी माणसं ठरवली, त्यांचं घर हरवलेलं ठरवलं, आणि मग त्यांना शोभेल असं व्याकरण निवडलं. साचा छान दिसतो म्हणून उचलला नाही. पुढे पीटर जॅक्सनच्या सिनेमांसाठी डेव्हिड सालो या भाषातज्ज्ञाला याच मूठभर शब्दांवरून आख्खी वाक्यं उभी करावी लागली. रिकाम्या घरांचा भाषेला शोभा म्हणून उपयोग असेल, पण नटाला संवाद लागतोच.

दुसऱ्या टोकाला इथकुइल. जॉन किहादा या अमेरिकन माणसाने नोकरी सांभाळून, फावल्या वेळात, पंचवीसएक वर्षं खपून ही भाषा बनवली आणि २००४ साली इंटरनेटवर मांडली. तिच्यातही धातू व्यंजनांचा, आणि स्वर बदलून त्यातून शब्दांची मुळं काढायची. पण इथे कोष्टक मुद्दाम पूर्ण भरलेलं आहे. प्रत्येक धातूला ठरलेली घरं, प्रत्येक घराला नेमका अर्थ. कमीत कमी अक्षरांत विचार अचूक सांगता यावा, संदिग्ध काही राहू नये, हाच तिचा उद्देश. त्या दृष्टीने ती एक थक्क करणारी वस्तू आहे. फक्त ती कुणी बोलत नाही. खुद्द किहादालाही ती अस्खलित बोलता येत नाही आणि हे त्याने कधी लपवलेलं नाही. माणूस बोलताना कोष्टकात शोधत नाही, आठवतो. आणि आठवायला आधी कुणीतरी म्हटलेलं असावं लागतं.

हे सगळं छंद म्हणून ठीक आहे. पण एका माणसाच्या बाबतीत हाच प्रश्न घरातल्या मुलापर्यंत येऊन पोचला होता.

एलिएझर बेन-येहुदा १८८१ साली पॅलेस्टाईनला जाऊन स्थायिक झाला. हिब्रू तेव्हा प्रार्थनेत होती, ग्रंथांत होती, विद्वानांच्या पत्रव्यवहारात होती. पण घरात, अंगणात, भांडणात ती कुणाचीच नव्हती. बेन-येहुदाने ठरवलं की आपल्या घरात हिब्रूच बोलायची. १८८२ साली मुलगा झाला, आणि त्या मुलाच्या कानावर दुसरी भाषा पडू द्यायची नाही असा नियम झाला. आता कल्पना करा. देवाशी बोलायला लागणारे सगळे शब्द हजर आहेत, आणि लहान मुलाशी बोलायला लागणारे नाहीत. आईस्क्रीमला शब्द नाही. वर्तमानपत्राला शब्द नाही. जिच्यात शब्द लिहून ठेवायचे त्या डिक्शनरीलासुद्धा एक सुटसुटीत शब्द नाही! नवा धातू चालेल की नाही ही चर्चा करायला इथे वेळ नव्हता. मुलगा मोठा होत होता.

बेन-येहुदाने जुने धातू आणि जुने साचे घेऊन शब्द पाडायला सुरुवात केली. कोशासाठी मिल्लोन, 'शब्द' या अर्थाच्या शब्दावरून. आईस्क्रीमसाठी ग्लिदा, गोठणं-हिम या अर्थाच्या जुन्या शब्दावरून. हे दोन्ही शब्द आज तिथली शाळेतली पोरं सहज बोलतात. पण त्याचे कितीतरी शब्द मेलेसुद्धा. सगळ्यात बोलकं उदाहरण टोमॅटोचं. दुसऱ्या कुणीतरी टोमॅटोला अगवानिया हा शब्द सुचवला होता. युरोपात टोमॅटोला 'प्रेमाचं फळ' म्हणत, त्याचं हे भाषांतर. पण त्यातला धातू जुन्या हिब्रूत कामवासनेचा. बेन-येहुदाला ते काही पटेना. त्याने अरबीवरून बादुरा हा सोवळा शब्द पुढे केला. बादुरा त्याच्या घरापुरता राहिला. बाकीचं गाव बिनदिक्कत अगवानिया खात राहिलं, आणि आज त्या शब्दात कुणाला काही वावगं ऐकूही येत नाही.

म्हणजे धातूचा अर्थ शब्दाला जन्म देतो, पण जन्मभर पुरत नाही. मंडईत किती वेळा उच्चारला गेला, यावर पुढचं ठरतं. आणि याची उलट बाजूही बघण्यासारखी आहे. टेलिफोनला तिथेही शुद्ध शब्द सुचवून झाला होता, 'दूरचं बोलणं' अशा अर्थाचा. तो चालला नाही, टेलिफोनच चालला. (आपल्याकडेही दूरध्वनी छापील कागदावर राहिला आणि फोन खिशात.) पण पुढे काय झालं बघा. लोकांनी त्या परक्या टेलिफोनची व्यंजनं सोलून काढली, ट-ल-फ-न, आणि त्यांना घरच्या साच्यात घालून क्रियापद केलं: लेटालफेन, फोन करणं. परक्या शब्दाचा धातू झाला! डीबगचंही तेच, द-ब-ग. तिथला प्रोग्रॅमर सांगतो की मी दिबागती, म्हणजे मी डीबग केलं. आपण 'गुगलून बघ' म्हणतो तसंच, फक्त त्यांचा स्वर पोटात जातो आणि आपला प्रत्यय शेपटीला लागतो.

प्रोग्रॅमिंगचा तर आख्खा धातूच असा घडलाय. प्रोग्रॅमला हिब्रूत तोखनित म्हणतात. धातू त-ख-न, शेवटचा 'त' हा प्रत्यय. पण क्रियापद करताना लोकांनी तो प्रत्ययातला 'त'सुद्धा आत ओढला आणि चार व्यंजनांचा नवा धातू तयार झाला, त-ख-न-त. प्रोग्रॅमर म्हणजे मेताखनेत. वरून खाली बघितलं तर धातूतून शब्द निघतो. इथे शब्दातून धातू निघाला. आणि हा अपवाद मानायचं कारण नाही, भाषा दोन्ही दिशांनी चालते. कॉम्प्युटरला हिब्रूत मखशेव म्हणतात आणि अरबीत हासूब. दोन्ही मोजणं-विचार करणं या एकाच जुन्या धातूचे. आणि त्याच धातूचा एक शब्द किराणा दुकानाच्या वहीतून आपल्याकडे कधीच आलाय: हिशेब.

हे वाचून कुणाला वाटेल की धातू ही एक पवित्र वंशावळ आहे आणि आपण ती जपायला हवी. तसंही नाही. मराठीत नजर आणि नजराणा हे आपल्याला एकाच घरचे वाटतात. राजाच्या नजरेसमोर ठेवायचा तो नजराणा, किती सरळ! पण अरबीत ते दोन वेगळे धातू आहेत. बघण्याची नजर एक, नवसाची-भेटीची नज़्र दुसरी. अरबीत चार वेगळी अक्षरं फारसीत एका 'ज़'वर आली आणि मराठीत 'ज'वर, म्हणून दोन घरांची मधली भिंत पडली. कुस्तीतला किताबही तसाच. तो पुस्तकाच्या किताबशी जोडलेला नाही, तो मूळचा खिताब. पण भिंत पडल्यावर आपण जे नातं जोडलं, ते आपल्यापुरतं खरंच आहे. "नजर करणे" म्हणजे भेट देणे असं आपण म्हणतोच की.

तर कुणाला अशी भाषा रचायची असेल, तर माझ्या मते दोन लूप शेवटी लिहावेत. आधी शब्द. द-ग-शचंच बघा. मद्गूश म्हणजे 'वाहून आलेलं', हे कोष्टकाने दिलं. आता नदीकाठच्या माणसाला विचारा. वाहून काय येतं? गाळ. गाळाची जमीन सगळ्यात कसदार, म्हणून मद्गूश म्हणजे कसदार जमीन. ती वाटणीत ज्याला मिळते तो नशीबवान, म्हणून मद्गूश म्हणजे नशीब. दागिश म्हणजे वाहणारा, म्हणजे अर्थातच नदी. मग 'जो सतत फिरतीवर असतो तो'. वाहवणं म्हणजे तद्गीश, हा शब्द कुणाला कधी लागलाच नाही. राहू द्या रिकामा. आणि मद्गश, वाहण्याची जागा? तो शेजारच्या टोळीने उचलला, आणि चारशे वर्षांनी 'मड्गा' होऊन परत आला, अर्थ 'गटार'. एवढं केलं की पाचच शब्द हाती राहतात. पण त्या पाच शब्दांमागे एक नदी, एक वाटणी आणि एक शेजार उभा राहतो. दोनशे चाळीस शब्दांमागे फक्त लूप उभा होता.

साचेसुद्धा आकाशातून पडत नाहीत, हे आपल्याला मराठीवरूनच कळायला हवं. मरणे-मारणे, पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे. स्वर बदलला की आपोआप घडणारी गोष्ट कुणीतरी घडवलेली होते. ही जुन्या उच्चारांची उरलेली खूण आहे. चार शब्दांत खूण दिसली की पाचव्यात ती मुद्दाम घातली जाते. सेमिटिक भाषांचे भले मोठे साचे असेच थोडं झिजून आणि थोडं एकमेकांचं बघून तयार झाले, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. कोष्टक नंतर आलं. ते काढणारा व्याकरणकार तर त्याहून नंतर आला.

आम्हा प्रोग्रॅमर लोकांना रिकामं घर दिसलं की हात शिवशिवतात. डेटाबेसमध्ये रिकामी जागा म्हणजे काहीतरी राहून गेलं असंच वाटतं. भाषेत तसं नसतं. तिथे रिकाम्या घराचा अर्थ एवढाच, की ते म्हणायची अजून कुणाला गरज पडलेली नाही. गरज पडली की त्या घरात एखादं पोर, एखादा दुकानदार, नाहीतर रात्री दोन वाजता डीबग करणारा कुणी इंजिनिअर आपणहून जाऊन बसतो. त्याच्यासाठी जागा ठेवलेली बरी. नाहीतर सगळं भरून ठेवून काय हशील?